निर्यातप्रधान विकास धोरण, दक्षिण कोरियाचे

परदेशी बाजारात माल विकून दाखवेल त्यालाच स्वस्त कर्ज आणि करसवलत, या अटीवर उभे असलेले औद्योगिक धोरण. दक्षिण कोरियाने ते १९६० च्या दशकाच्या मध्यापासून राबवले. देशी बाजारपेठेला आयातीपासून असलेले संरक्षण त्याने काढून घेतले नाही. म्हणूनच याला खुल्या व्यापाराचे उदाहरण म्हणणे अर्धवट ठरते.

पूर्वतयारी आधीच झाली होती. १९५० च्या सुमारास झालेल्या जमीन सुधारणेत शेतजमिनीच्या मालकीवर सुमारे ३ हेक्टरांची मर्यादा आली. जमीन मिळालेल्या कुळांनी वर्षाच्या पिकाच्या दीडपट मोल हप्त्यांनी फेडायचे होते. प्राथमिक शिक्षणही झपाट्याने पसरले.

मे १९६४ मध्ये डॉलरचा दर १३० वॉनवरून (वॉन हे कोरियन चलन) सुमारे २५५ वॉनवर नेण्यात आला. सप्टेंबर १९६५ मध्ये मुदत ठेवींवरील व्याज दुप्पट, म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत वाढवले. सावकारी बाजारातला पैसा बँकांकडे वळला. बँका १९६१ पासून सरकारच्या मुठीत होत्या. सर्वसाधारण कर्ज २४ ते २६ टक्क्यांनी मिळे, निर्यातीसाठीचे मात्र ६ ते ६.५ टक्क्यांनी.

खरी खुबी होती ती ‘स्थानिक पतपत्रा’त. पतपत्र म्हणजे माल पोचवल्यावर पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी. परदेशी ग्राहकाचे पतपत्र दाखवले की शर्ट शिवणाऱ्याला बँक कर्ज देई, शिवाय त्याच्या आधारावर देशी कापडगिरणीच्या नावे दुसरे पतपत्र काढी. मग गिरणीलाही तेच स्वस्त कर्ज आणि सूत आयातीवर शुल्कमाफी. कापणीत किती कच्चा माल वाया जातो याचे प्रमाण सरकार ठरवून देई आणि ते मुद्दाम सैल ठेवले जाई. उरलेला शुल्कमुक्त माल देशात चढ्या भावाने खपवता येई; म्हणजे अनुदानच, फक्त अंदाजपत्रकात न दिसणारे.

निर्यातीच्या आकड्यांचा दरमहा आढावा राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः घेत. पैसे परदेशी ग्राहक मोजतो, त्यामुळे कामगिरीचा हा निकष फुगवणे अवघड होते. इतर अनेक देशांनी सवलती दिल्या, पण त्या काढून घेण्याची अशी कसोटी ठेवली नाही. १९६४ मध्ये १० कोटी डॉलरवर असलेली निर्यात १९७७ मध्ये १,००० कोटींवर गेली.

१९७३ पासून पोलाद, जहाजबांधणी, यंत्रसामग्री, रसायने यांवर भर आला आणि कसोटी ढिली पडली, कारण असे कारखाने उभे राहून माल बाहेर पडेपर्यंत वर्षे जातात. वसाहतकाळाबद्दल जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशातून उभारलेला पोहांगचा पोलाद कारखाना यशस्वी झाला. अवजड यंत्रांच्या कारखान्यांची बरीच क्षमता मात्र पडून राहिली. १९८० मध्ये अर्थव्यवस्था आकुंचन पावली, महागाई २८ टक्क्यांवर गेली. त्यानंतर खर्चाला आणि पतपुरवठ्याला लगाम घालण्यात आला.

पुढचा घाव कर्जाच्या मुदतीने घातला. १९९० च्या दशकात वित्तसंस्था परदेशातून अल्पमुदतीचे डॉलर उचलत आणि ‘चेबोल’ या उद्योगघराण्यांना दीर्घ मुदतीने देत. जानेवारी १९९७ मध्ये हानबो स्टील बुडाली, मग परदेशी बँकांनी कर्जांचे नूतनीकरण थांबवले. नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले. १९९९ अखेर कर्ज भांडवलाच्या दुपटीत आणा, असे सरकारने मोठ्या घराण्यांना बजावले. देवू समूहाला ते झेपले नाही. तो त्याच वर्षी कोसळला.