त्याच मठात, त्याच माणसांबरोबर : स्थैर्यव्रताची पार्श्वभूमी

गोव्यात आणि वसईत आलेले फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट हे सारे फिरते धर्मगुरू. संघ पाठवील तिकडे जायचे, ही त्यांची रीत. त्यामुळे आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजालाही ‘स्थैर्य’ हे व्रत फारसे ओळखीचे नाही. त्या संघांहून कितीतरी जुन्या बेनेडिक्टीन, म्हणजे संत बेनेडिक्टांची नियमावली पाळणाऱ्या मठवाशांच्या, परंपरेत मात्र ते दीक्षेच्या वेळी घेतले जाते : ज्या मठात आलो तिथेच मरेपर्यंत राहीन.

त्याची मुळे इजिप्तच्या वाळवंटात आहेत. चौथ्या शतकात तिथे एकांतात राहणाऱ्या साधकांना जागा बदलण्याचा मोह सतत होई. ‘जा, कुटीत बस, कुटीच तुला सगळे शिकवील,’ असे तिथल्या अब्बा मोझेस या वडीलधाऱ्या साधकाने एकाला सांगितले होते. पुढे ४५१ मध्ये खाल्सेडनच्या धर्मपरिषदेने मठवाशांच्या शहरोशहरीच्या भटकंतीला नियमानेच आवर घातला.

या विचाराला व्रताचे रूप मिळाले ते सहाव्या शतकातल्या इटलीत. युद्धांनी देश उद्ध्वस्त होत होता. त्या काळात मोंते कासिनोच्या डोंगरावर संत बेनेडिक्टांनी आपली ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली. पहिल्याच प्रकरणात त्यांनी भटक्या मठवाशांना फैलावर घेतले आहे : तीन-चार दिवस या मठात पाहुणचार घ्यायचा, मग पुढचा मठ. उलट, पाणी, पिठाची चक्की, मळा, कारागिरी हे सगळे आवारातच असावे, म्हणजे बाहेर हिंडायला निमित्त उरणार नाही, असे ६६ वे प्रकरण सांगते.

मला सर्वांत भिडते ते ५८ वे प्रकरण. नवख्याला सहजासहजी आत घ्यायचे नाही. वर्षभरात त्याला नियमावली तीनदा वाचून दाखवायची. मग तो स्वतःच्या हाताने लिहिलेले प्रतिज्ञापत्र वेदीवर ठेवतो. त्याचे अंगावरचे जुने कपडे मात्र टाकून द्यायचे नाहीत, जपून ठेवायचे; कधी निघून जायची वेळ आलीच, तर तेच परत द्यायचे. माणूस डगमगू शकतो हे ओळखूनच हे व्रत मागितलेले आहे.

हे स्थैर्य जागेचे की माणसांचे? सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीवर चालून आलेल्या लोम्बार्ड टोळ्यांनी मोंते कासिनो लुटले, तेव्हा मठवासी रोमला गेले, पण एकत्र राहिले. आठव्या शतकात त्याच डोंगरावर पुन्हा मठ उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात, १५ फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बफेकीत तो जमीनदोस्त झाला, तरी पुन्हा बांधला गेला.

अल्जीरियातल्या तिभिरिनचे ट्रॅपिस्ट (बेनेडिक्टीन परंपरेतूनच निघालेल्या एका कडक संघाचे) मठवासीही हीच नियमावली पाळत. यादवी पेटली आणि १९९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री सशस्त्र माणसे मठात शिरली. निघून जाण्याचा सल्ला मठवाशांना अनेकांनी दिला. त्यांनी आपापसांत दीर्घ विचार केला आणि ते मुसलमान शेजाऱ्यांबरोबर तिथेच राहिले. त्यांच्यातले वृद्ध डॉक्टर ब्रदर ल्यूक गावकऱ्यांना औषधपाणी करत. मार्च १९९६ मध्ये सात जणांचे अपहरण झाले आणि पुढे ते मारले गेले. अपहरणातून वाचलेल्या उरलेल्या दोघांनी मोरोक्कोत त्याच मठाचे जीवन पुढे चालू ठेवले. त्या सात जणांचे दफन जूनमध्ये तिभिरिनच्या मठाच्या आवारातच झाले.