विद्यार्थी संकट-साहाय्य गट

विद्यार्थी संकट-साहाय्य गट : मानसिक संकटात सापडलेल्या विद्यार्थ्याची वेळीच दखल घेणारा, त्याला उपचारांपर्यंत पोचवणारा आणि तो पुन्हा वर्गात रुळेपर्यंत त्याची सोबत करणारा महाविद्यालयातील छोटा गट. त्यात साधारणपणे समुपदेशक, वसतिगृहाचे वॉर्डन, विद्यार्थी कल्याण अधिष्ठाता, विभागातील एखादे प्राध्यापक आणि संस्थेच्या दवाखान्यातील डॉक्टर असतात. कुठे त्याला कौन्सेलिंग सेल म्हणतात, कुठे वेलनेस सेंटर. प्रस्तुत नोंदीत या गटाचे काम इंदूर शहराच्या संदर्भात मांडले आहे.

गटाची गरज एका साध्या गोष्टीतून निर्माण होते : संकट एका जागी दिसत नाही. हजेरी घटली हे प्राध्यापकांना कळते, पहाटेपर्यंत दिवा जळतो हे खोलीतल्या सोबत्याला, फी थकली हे कार्यालयाला आणि डबा तसाच भरलेला परत आला हे खानावळीच्या काकूंना. प्रत्येकाजवळचा तुकडा किरकोळ वाटतो. चारही तुकडे एका टेबलावर आले तरच त्या मुलाचे काय चालले आहे ते उमगते, आणि ते टेबल म्हणजेच हा गट.

अमेरिकेत अशा गटांचा झपाट्याने प्रसार झाला तो व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 16 एप्रिल 2007 रोजी झालेल्या गोळीबारानंतर. त्यात 32 जणांचे बळी गेले. हल्लेखोर विद्यार्थ्याच्या बिघडत्या अवस्थेची माहिती विद्यापीठातील वेगवेगळ्या विभागांना होती, पण ती एकत्र झाली नाही आणि गोपनीयतेच्या कायद्यांचा चुकीचा अर्थ लावला गेला, असे चौकशीत आढळले. 2008 मध्ये व्हर्जिनिया राज्याने सरकारी विद्यापीठांना धोक्याचा अंदाज घेणारे गट नेमणे सक्तीचे केले. या उगमाची छाया पुढेही राहिली. संकटातला विद्यार्थी बहुधा इतर कोणालाही धोकादायक नसतो, झालाच तर स्वतःला. तरी त्याच्याकडे पहारेकऱ्याच्या नजरेने पाहिले गेले. येल विद्यापीठात मानसिक आजारामुळे अभ्यास थांबवावा लागणाऱ्यांना विद्यापीठातून नाव काढून घ्यावे लागे आणि परतण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागे. टीका आणि न्यायालयीन दाव्यानंतर 2023 मध्ये तेथे वैद्यकीय रजेची पद्धत आली. मदत मागितली तर कॉलेज सुटेल अशी भीती असेल तर मुले मदत मागतच नाहीत, हा त्यातला धडा भारतातही तितकाच लागू आहे.

भारतात 2022 या एका वर्षात 13,044 विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांना विद्यार्थी सेवा केंद्र उभारण्याचे मार्गदर्शन केले. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर न्या. एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी 25 जुलैच्या निकालात न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे आणि तातडीच्या प्रसंगी कोणाकडे पाठवायचे याची लेखी पद्धत असावी, असे निर्देश दिले. कोचिंग क्लासेसही त्यांच्या कक्षेत येतात.

इंदूरसाठी हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. 1964 मध्ये स्थापन झालेले आणि आता देवी अहिल्या विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाणारे विद्यापीठ, 1891 पासूनचे होळकर महाविद्यालय, एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय, राऊजवळील आयआयएम आणि सिमरोलचे आयआयटी यांच्या जोडीला भंवरकुआ परिसरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासेसची मोठी वस्ती आहे. आयआयटी-आयआयएमसारख्या निवासी संस्थांत वॉर्डन आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर असतात. उरलेल्या शहरात खंडवा, बऱ्हाणपूर, खरगोन किंवा जळगावहून आलेला मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो, डबा लावतो आणि आठवडाभर क्लासला गेला नाही तरी कॉलेजात कोणाला पत्ता लागत नाही. घरमालक आणि डबेवाल्या काकूच त्याला रोज पाहतात. बहुतेक परिपत्रकांत त्यांचा उल्लेखही नसतो. गटाचा फोन नंबर घरमालकांकडे आणि खानावळींत पोचवणे, हे या शहरात पहिल्या दिवशी करावयाचे काम होय.

कोणी कळवले की गटाची खरी कसोटी लागते. कळवणाऱ्याने निदान करायचे नसते. ‘चार दिवस डबा परत येतोय, आवाज दिला तर दार उघडत नाही,’ एवढे पुरते. गटातले दोघे-तिघे त्याच दिवशी बसून ठरवतात की विद्यार्थ्याशी कोण बोलणार. पद पाहून माणूस ठरवू नये. ज्याच्याशी तो मुलगा एरवी मोकळेपणाने बोलतो, तोच योग्य. इथे भाषेचाही विचार हवा. मराठी घरातला मुलगा कॉलेजात दिवसभर हिंदी बोलतो, पण मन भरून आले की शब्द घरच्या बोलीतले येतात. समोरच्याला ती बोली कळत असेल तर निम्मे ओझे तिथेच उतरते.

बोलताना थेट विचारावे : ‘जीव नकोसा झालाय का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?’ अशा प्रश्नाने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याचा अनेकांना सुटकेचा अनुभव येतो. ‘एवढं काय मनावर घ्यायचं’, ‘आईवडिलांचा विचार कर’ ही वाक्ये कितीही मायेने उच्चारली तरी अपराधीपण वाढवतात. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे सोडायचे नाही आणि सोबतीने डॉक्टरांकडे न्यायचे. इंदुरात रात्री-अपरात्री एमवाय रुग्णालयाचा तातडीचा विभाग उघडा असतो, आणि मानसोपचारांसाठी बाणगंगेचे मनोरुग्णालय आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येते. जिवावरचा प्रसंग असेल तर 112.

आत्महत्येचा प्रयत्न घडून गेला असेल तर रुग्णालयात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येतात आणि ‘केस होईल’ या धास्तीने सोबती गांगरतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, त्यामुळे एरवी तिच्यावर खटला चालत नाही, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर येते. वॉर्डनला हे कलम माहीत असले तर इस्पितळाच्या दारात जाणारा मोलाचा वेळ वाचतो.

घरी फोन कोण करणार, हा प्रश्न वरवर लहान, पण यावर बरेच काही अवलंबून असते. विद्यार्थी सज्ञान असतो. त्याला आधी विचारावे, शक्यतो त्याच्यासमोरच फोन लावावा. त्याच कायद्याचे कलम 23 उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते. जिवाला धोका असण्यासारख्या मोजक्या प्रसंगीच, आणि तो धोका टाळण्यापुरतीच, ती उघड करता येते. फोनवरचे पहिले वाक्य ‘तो सुखरूप आहे, आमच्याजवळ आहे’ हेच असावे. नंतरचे सगळे नंतर. आईवडील रातोरात बसने निघतात आणि पोराला घेऊन जायचे म्हणतात. कधी तेच योग्य असते. कधी घरातली अपेक्षाच त्याच्या उरावर बसलेली असते, आणि हे त्यांच्यासमोर मांडायला गटातल्या अनुभवी माणसाला बराच धीर लागतो.

परत आल्यावरचे काम सर्वांत दुर्लक्षित राहते. हजेरी 75 टक्के भरत नाही, प्रॅक्टिकल बुडालेले असतात, एटीकेटी लागते. प्रत्येक खिडकीवर त्याला आपली कहाणी पुन्हा सांगावी लागली तर तो पुन्हा खचतो. गटातल्या एकाने ही कागदपत्रे हातात घ्यावीत आणि पहिले काही आठवडे त्याला नियमित भेटावे. शिस्तपालन समिती आणि हा गट कटाक्षाने वेगळे ठेवावेत.

विद्यार्थी दगावला तर गटाचे काम उरलेल्यांसाठी चालू राहते. बातमी सर्वांना साध्या, खऱ्या शब्दांत सांगायची. ते कसे घडले याचा तपशील द्यायचा नाही, एकच कारण चिकटवायचे नाही आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारी चित्रे थांबवायची. खोलीतल्या सोबत्याकडे, शेवटचा फोन ज्याला आला त्याच्याकडे आणि आधीच खचलेल्या मुलांकडे वेगळे लक्ष लागते. सोबत्याला खोली बदलायची आहे का हे विचारावे, बदलायला लावू नये. त्या आठवड्यातली परीक्षा पुढे ढकलण्याची सोय गटाने सोबत्याच्या अर्जाची वाट न पाहता करून ठेवावी, कारण त्या दिवसांत अर्ज लिहिण्याचे त्राण त्याच्यात नसते.