ई-पेपर ड्रायव्हर बोर्ड

ई-पेपरच्या, म्हणजे विद्युत क्षेत्राने रंगकण हलवून कागदासारखे चित्र दाखवणाऱ्या, पडद्यावर मजकूर किंवा चित्र उमटवण्यासाठी मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक), उच्च व्होल्टेज तयार करणारे सर्किट आणि पडद्याच्या रिबनचा (चपट्या केबलचा) कनेक्टर एकत्र बसवलेला विकसन बोर्ड. पडद्याच्या लॉजिकला ३.३ व्होल्ट पुरतात. पण रंगकण हलवायला अधिक व उणे १५ व्होल्ट आणि ओळी निवडायला अधिक व उणे २० व्होल्टच्या आसपास लागतात. बॅटरीच्या तीन-चार व्होल्टांतून एवढे व्होल्टेज काही सेकंदांपुरते उभे करणे आणि काम होताच उतरवणे, हे या बोर्डाचे मुख्य काम होय. उमटलेले चित्र वीज गेल्यावरही टिकते. त्यामुळे कृषिपंपांच्या वाहिनीवर ठरावीक तासच लाईन असणाऱ्या विदर्भातील गावांत बाजारभावाच्या किंवा पर्जन्यमानाच्या फलकासाठी ई-पेपरचा पडदा एलईडी फलकापेक्षा सोयीचा पडतो. रात्री मात्र तो वाचता येत नाही, कारण त्याला स्वतःचा उजेड नसतो.

पूर्वपीठिका : ई-पेपरच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. अमेरिकी लिखाणात बहुधा झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील निकोलस शेरिडन यांच्या ‘गायरिकॉन’ला पहिला मान मिळतो. त्याचा काळ १९७० च्या दशकाच्या मध्याचा धरतात. त्यात तेल भरलेल्या पोकळ्यांत दुरंगी सूक्ष्म गोळे असत आणि विद्युत क्षेत्र बदलले की ते जागच्या जागी उलटत. त्याच सुमारास, बहुधा थोडे आधीच, जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत इसाओ ओटा यांनी रंगीत द्रवातील भारित पांढरे कण विद्युत क्षेत्राने पुढे-मागे सरकवून दाखवले होते; त्यांचा शोधनिबंध १९७३ चा आहे. ‘कागदासारखा पडदा’ या कल्पनेचे श्रेय शेरिडन यांना देण्यास हरकत नाही. पण आजचे पडदे उलटणाऱ्या गोळ्यांवर चालत नाहीत, सरकणाऱ्या कणांवर चालतात. म्हणून या बोर्डांपुरती तरी ओटा यांची परंपरा जवळची मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ओटा यांच्या पद्धतीत कण एकत्र गोळा होत आणि कालांतराने खाली बसत. एमआयटीच्या मीडिया लॅबमधील जोसेफ जेकबसन, बॅरेट कॉमिस्की, जे. डी. अल्बर्ट आदींनी द्रव सूक्ष्म कुप्यांत कोंडून ही अडचण दूर केली. त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये १९९८ साली आला, ई इंक ही कंपनी १९९७ मध्येच स्थापन झाली होती. सोनीचे ‘लिब्रिए’ हे वाचक-यंत्र २००४ मध्ये आणि ॲमेझॉनचे ‘किंडल’ २००७ मध्ये बाजारात आले. २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ई इंक विकत घेतली.

बोर्डांचा इतिहास याहून बराच अलीकडचा आहे. दुकानांतील किमतीच्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांमुळे लहान पडदे स्वस्त झाले आणि २०१६ मध्ये ईएसपी३२ ही वाय-फाय असलेली चिप आली, त्यानंतरच हे बोर्ड हौशी लोकांच्या हाती पडले. जुन्या किंडलचे पडदे पुन्हा वापरणारा ‘इंकप्लेट ६’ आणि ‘ईपीडिय’ हा मुक्त आराखडा २०२० च्या आसपासचे.

प्रकार : बोर्डांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील पडद्यांच्या काचेवरच नियंत्रक चिप असते (उदा., एसएसडी१६८०, यूसी८१७९). रिबन २४ पिनांची, पिनांमधले अंतर अर्धा मिलिमीटर. मायक्रोकंट्रोलरने एसपीआयवरून (चिपांमधल्या मोजक्या तारांच्या डेटा-जोडणीवरून) चित्र पाठवायचे, पुढचे काम चिप पाहते. २.९ इंची (२९६ × १२८ बिंदू) आणि ७.५ इंची (८०० × ४८०) पडदे यातलेच. दुसऱ्या वर्गात काचेवर असा नियंत्रक नसतो. कोणत्या बिंदूला किती वेळ, कोणत्या दिशेने ढकलायचे हे बाहेरून आठ डेटा तारांवरून सांगावे लागते. हे काम आयटी८९५१ सारखी वेगळी चिप करते किंवा खुद्द ईएसपी३२ करते. लिलीगो टी५ हा ४.७ इंची, १६ करड्या छटांचा बोर्ड दुसऱ्या पद्धतीचा. स्मृतीची गरज त्यानुसार बदलते : ८०० × ४८० च्या काळ्या-पांढऱ्या चित्राला ४८,००० बाइट, तर ९६० × ५४० च्या १६ छटांच्या चित्राला २,५९,२०० बाइट लागतात. अर्डुइनो उनो या साध्या बोर्डात फक्त २,०४८ बाइट असल्याने तेथे चित्र पट्ट्या-पट्ट्यांनी काढून पाठवावे लागते.

वीज-विभाग : बोर्डाची प्रत येथे कळते. पहिल्या वर्गात रिबनची दुसरी पिन मॉसफेटचे (वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) गेट चालवते आणि तिसरी पिन मॉसफेटखालच्या रोधावरचे व्होल्टेज मोजून प्रवाहाला मर्यादा घालते. यांच्या जोडीला एक इंडक्टर (बहुधा १० मायक्रोहेन्री), एमबीआर०५३० जातीचे तीन शॉट्की डायोड आणि एक मायक्रोफॅरडचे आठ-दहा कपॅसिटर, एवढाच पसारा. गडबड रोधाच्या मूल्यात होते. काही पडद्यांना ०.४७ ओहम, काहींना २.२ किंवा ३ ओहम लागतो. म्हणून अनेक बोर्डांवर मूल्य निवडण्याचा इवलासा स्विच असतो. ०.४७ च्या जागी ३ ओहम लावला तर प्रवाह लवकर तुटतो, व्होल्टेज पुरते चढत नाही आणि अक्षरे फिकट उमटतात. उलट केले तर बॅटरीवर झटका बसतो, तिचे व्होल्टेज क्षणभर खचते आणि ईएसपी३२ ऐन चित्र बदलताना रीसेट होतो. बॅटरी जुनी असली की हाच दोष ‘प्रोग्राम अधूनमधून अडकतो’ अशा तक्रारीच्या रूपाने समोर येतो आणि प्रोग्राममध्ये शोधला जातो. कपॅसिटर ५० व्होल्टचे, एक्स७आर जातीचे घ्यावेत. २५ व्होल्टचा लहान सिरॅमिक कपॅसिटर २० व्होल्टवर निम्म्याहून अधिक धारिता गमावू शकतो, आणि साध्या मल्टिमीटरवर मात्र तो चांगलाच दिसतो.

दुसऱ्या वर्गात टीपीएस६५१८५ सारखी चिप सगळी व्होल्टेजे पुरवते. तेथे ‘व्हीकॉम’ हे सामाईक व्होल्टेज पडद्यागणिक वेगळे असते आणि ते रिबनवर छापलेले असते, उदा., उणे १.५० किंवा उणे २.३०. दुसऱ्या पडद्याचा आकडा तसाच ठेवला तर पांढरे करडे दिसते आणि पुसलेली अक्षरे मागे रेंगाळतात.

चित्र बदलून झाल्यावर पडदा झोपवणे आवश्यक आहे. जीएक्सईपीडी२ या लायब्ररीत (पडदा चालवणाऱ्या तयार प्रोग्राम-संचात) ‘पॉवर ऑफ’ आणि ‘हायबरनेट’ अशा दोन आज्ञा आहेत. दिवसातून चार-सहा वेळा बदलणाऱ्या फलकासाठी दुसरी वापरावी. उच्च व्होल्टेज चढलेल्या अवस्थेत पडदा तासन्‌तास ठेवला तर तो कायमचा डागाळतो. चित्र बदलतानाच लाईन गेली तर अर्धवट चित्र राहते. पुढच्या पूर्ण बदलात ते बहुधा निघून जाते, तरी बोर्ड थेट अडॅप्टरवर न चालवता मध्ये बॅटरी ठेवणे बरे.

जोडणी : एसपीआय बोर्डावर सहा संकेत असतात. वेव्हशेअर कंपनीच्या ईएसपी३२ बोर्डावर बिझी २५, रीसेट २६, डीसी २७, सीएस १५, क्लॉक १३ आणि डेटा १४ या पिनांवर आहेत. येथे एक खोच आहे. ईएसपी३२ च्या एचएसपीआयमध्ये (त्याच्या एका एसपीआय जोडणीत) क्लॉक मुळात १४ वर व डेटा १३ वर असतो. या बोर्डावर ते उलटे आहेत. प्रोग्राममध्ये एसपीआय सुरू करताना १३, १२, १४, १५ हा क्रम दिला नाही तर कंपाइल व्यवस्थित होते, अपलोडही होतो, पडदा मात्र कोराच राहतो. बिझी पिनेचा अर्थही चिपगणिक बदलतो : एसएसडी१६ मालिकेत तिचे व्होल्टेज वर असले की पडदा कामात असतो, यूसी८१ मालिकेत खाली असले की. लायब्ररीत चुकीचा पडदा निवडला तर सिरिअल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरील खिडकीत) ‘बिझी टाइमआउट’ येत राहते, किंवा प्रोग्राम वाट न पाहता पुढे जातो आणि चित्र अर्ध्यात तुटते. रिबन घालताना कनेक्टरची काळी पट्टी आधी उभी करावी, रिबन सरळ शेवटपर्यंत सारावी, मग पट्टी आडवी करावी. ती पट्टी नखाने ओढून काढली की मोडते. रिबन काचेजवळ दुमडू नये.

देवनागरी : उपलब्ध लायब्रऱ्या अक्षरे एकामागोमाग एक ठेवतात, जोडाक्षरे घडवत नाहीत. ‘विदर्भ’ लिहिले तर वेलांटी ‘व’च्या पुढे जाते आणि रफार ‘र’ व हलन्त असा सुटा पडतो. ‘पऱ्हाटी’तला ‘ऱ्ह’ तर ओळखूही येत नाही. ईएसपी३२ वर अक्षरजुळणीचा पूर्ण संच बसवण्याच्या फंदात पडू नये. संगणकावर पायथनच्या पिलो लायब्ररीत राक्म हा जुळणीचा पर्याय निवडून शब्दांची एक-बिटी (फक्त काळी-पांढरी) चित्रे बनवावीत आणि ती बोर्डाच्या फ्लॅश स्मृतीत ठेवावीत. राक्म बसवलेले नसेल तर पिलोही तीच चूक करते. भावफलकावर ‘कापूस’, ‘सोयाबीन’, ‘तूर’, ‘किमान’, ‘कमाल’, ‘सर्वसाधारण’, ‘रु. प्रति क्विंटल’ असे ठरलेले शब्द असतात. रोज बदलतात ते आकडे, आणि आकड्यांना जुळणी लागत नाही. २४० × ४८ बिंदूंचा शब्द १,४४० बाइटांत आणि ३२ × ४८ चे दहा अंक १,९२० बाइटांत मावतात. रुंदी आणि आडवी जागा आठच्या पटीत ठेवावी. नाहीतर अंशतः बदल करताना कडेचे बिंदू खाल्ले जातात. ७.५ इंची पडद्यावर ४८ बिंदू म्हणजे सुमारे १० मिलिमीटर. हे अक्षर दोन-तीन मीटरवरून वाचता येते. बारीक वळणाचा फाँट घेतल्यास एक-बिटी चित्रात शिरोरेषा तुटते, अर्धठळक घ्यावा.

तापमान : विदर्भात हा मुद्दा निर्णायक ठरतो. काळ्या-पांढऱ्या पडद्यांची कार्यमर्यादा साधारणपणे ० ते ५० अंश सेल्सिअस, लाल रंग असलेल्यांची बहुधा ४० अंशांपर्यंतच. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांवर जाते, आणि उन्हातल्या पत्र्याच्या पेटीतले त्याहून बरेच अधिक. कण कसे व किती वेळ हलवायचे याचा तक्ता, म्हणजे वेव्हफॉर्म, तापमानानुसार निवडला जातो; तक्त्याबाहेरच्या उष्णतेत पांढरा भाग मळकट होतो आणि लाल रंग काळ्यात मिसळतो. म्हणून येथे लाल पडदे बाहेरच्या फलकांसाठी घेऊ नयेत, विक्रेता काहीही सांगो. फलक उत्तरेकडे तोंड करून छपराखाली लावावा, पेटी पांढरी व खालून-वरून हवेशीर असावी, आणि एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत चित्र पहाटे व सूर्यास्तानंतर बदलावे. थेट उन्हातील अतिनील किरणांनीही पडदा पिवळसर पडतो. पावसाळ्यात कनेक्टरजवळ बाष्प धरते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बदल थोडा मंद होतो, एवढेच.

अंशतः बदल सुमारे ०.३ सेकंदात होतो, पण जुन्या अक्षरांची सावली साठत जाते. पाच-दहा अंशतः बदलांनंतर एक पूर्ण बदल द्यावा आणि मजकूर तोच असला तरी २४ तासांत एकदा पडदा ताजा करावा.

बॅटरी : ईएसपी३२ ची चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, स्वस्त बोर्डांवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) एकटाच ५ मिलिअँपिअरच्या घरात खातो. म्हणजे दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, आणि २,००० मिलिअँपिअर-तासांची १८६५० आकाराची सेल पंधरवड्यात रिकामी. त्यातून या रेग्युलेटरला इनपुट सुमारे एक व्होल्ट जास्त लागतो, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या सेलवर तो ३.३ व्होल्ट धड देतच नाही. तो काढून कमी प्रवाह घेणारा एचटी७३३३ लावतात. वाय-फाय सुरू होताना प्रवाह उसळतो, म्हणून त्याच्या आउटपुटला ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडतात. सतत जळणारा लाल दिवाही उपटावा. झोपेतला प्रवाह २० मायक्रोअँपिअरवर आला आणि दिवसातून चार वेळा दहा सेकंद १२० मिलिअँपिअर लागले, तर दैनिक खर्च दोन मिलिअँपिअर-तासांच्या आत राहतो. लिथियम-आयन सेल ४५ अंशांहून अधिक तापमानात चार्ज करू नये; सौर पट्टी जोडलेली असेल तर मे महिन्यात दुपारचे चार्जिंग थांबवण्याची सोय हवी. ईएसपी३२ चे अंतर्गत घड्याळ उष्णतेने मागे-पुढे होते. पहाटेची वेळ पाळायची तर डीएस३२३१ घड्याळ जोडावे.

वाय-फाय नसलेल्या ठिकाणी ८६५–८६८ मेगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यात लोरा (कमी विजेत लांब पल्ल्याचे रेडिओ) मॉड्यूल वापरून ग्रामपंचायतीतून शेतापर्यंत आकडे पाठवता येतात. चित्र नव्हे, आकडेच पाठवावेत. दैनिक बाजारभाव केंद्र शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळतात.

फुटलेली काच दुरुस्त होत नाही. पडदा बदलावाच लागतो. नवा घेताना मागच्या बाजूचा आवृत्ती-क्रमांक जुळवून पाहावा : वेव्हशेअरच्या ७.५ इंची पडद्याची पहिली आवृत्ती ६४० × ३८४ बिंदूंची, दुसरी ८०० × ४८० ची आहे. आकार व रिबन सारखीच असल्याने तो बसतो, पण आधीचा प्रोग्राम त्यावर चालत नाही.