पातळ कागद आणि गव्हर्नरची खुर्ची

वडापावच्या कागदावर तेलाचा डाग पडला की तेवढ्या जागेतून पलीकडचं दिसायला लागतं. १८९९ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गव्हर्नरच्या निवडणुकीत अशाच ‘दिसण्या’वरून भांडण पेटलं.

१८९१ची राज्यघटना येईपर्यंत तिथले मतदार चारचौघांत, तोंडाने मत सांगत. गुप्त मतदान तसं नवंच होतं. मोजणीत रिपब्लिकन विल्यम टेलर डेमोक्रॅट विल्यम गोबेलपेक्षा २,३८३ मतांनी पुढे निघाले. डेमोक्रॅटांच्या अनेक तक्रारींपैकी एक अशी, की काही काउंट्यांतल्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांतल्या) मतपत्रिका इतक्या पातळ होत्या की मत कुणाला दिलं ते आरपार दिसे. म्हणून ती मतं बाद करा.

कागद मुळात सेल्युलोजच्या तंतूंचा, आणि हा तंतू स्वतः रंगहीन. तरी कागद पांढरा आणि अपारदर्शक का? काच स्वच्छ असते, पण तिचा चुरा पांढरा दिसतो, त्याचंच हे भावंड. तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते. सेल्युलोजचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळवतो त्याचं माप, सुमारे १.५, हवेचा १. प्रकाश दर सीमेवर थोडा वळतो, थोडा मागे फिरतो आणि शेवटी सगळीकडे विखुरतो. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७. ते हवेची जागा घेतं, सीमा जवळपास पुसल्या जातात आणि डाग पारदर्शक होतो. पातळ कागदात तेल नसतं, पण सीमाच कमी असतात. त्यामुळे उजेडात धरल्यावर शाईची खूण मागून ओळखू येते. घडी घातली की थर दुप्पट होतात, पण कागद फारच पातळ असेल तर तेवढ्याने भागत नाही. आजकाल कागदात चुनखडी-चिकणमातीची भुकटी मिसळतात, ती या सीमा वाढवायलाच.

मला विचाराल तर कागद निम्मं निमित्त होता. निवडणूक मंडळ गोबेलनेच आणलेल्या कायद्यातून जन्मलेलं, सदस्य तिन्ही डेमोक्रॅट, तरी निकाल दोन विरुद्ध एक मतांनी टेलरच्या बाजूने! मग प्रकरण विधिमंडळाकडे गेलं. ३० जानेवारी १९०० रोजी केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट इथल्या विधानभवनाबाहेर गोबेलवर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी विधिमंडळातल्या डेमोक्रॅटांनी त्याला विजयी ठरवलं आणि, जखमी अवस्थेतच, त्याला गव्हर्नरपदाची शपथ देण्यात आली. ३ फेब्रुवारीला तो गेला.