कडू, कडसर, कडवट

दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही पाच मित्र सांगलीत, विश्रामबागेतल्या एका गच्चीवर जमतो. टेबलावर निरनिराळ्या बिअरच्या पाच-सहा बाटल्या, प्रत्येकासमोर काचेचे छोटे ग्लास, पाण्याचा तांब्या, बिनमसाल्याचे चुरमुरे आणि एक दोनशे पानी वही. सांगलीत बसून भडंग का नाही, असं नवा माणूस हमखास विचारतो. लसूण आणि तिखट एकदा जिभेवर बसलं की पुढच्या ग्लासातलं काही कळत नाही, म्हणून भडंग सगळ्यात शेवटी. एका बाटलीचे पाच वाटे होतात. रंग बघायचा, फेस किती वेळ टिकतो ते बघायचं, वास घ्यायचा, मग घोट. आणि कुणी तोंड उघडायच्या आत प्रत्येकानं आपापलं लिहून मोकळं व्हायचं.

खरी अडचण लिहिण्याचीच. पहिल्या बैठकीत मी एका बिअरपुढे "छान, कडू" असं लिहिलं आणि दुसरीपुढेही तेच. दोन्ही कडूच होत्या. पण एकीचा कडूपणा कारल्याचा होता, दुसरीचा संत्र्याच्या सालीचा. हा फरक मला जिभेवर कळत होता, कागदावर उतरत नव्हता. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की बिअर हजारो वर्षांची असली तरी तिची चव नेमक्या शब्दांत मांडायची पद्धत जेमतेम पन्नास वर्षांची आहे. ती कशी घडली, आणि तिच्यात आपला देश कुठे कुठे येतो, ते इथे मांडतो.

धान्य आंबवून पेय करणं आपल्याला परकं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्यात 'मेदक' या पेयाचं प्रमाण दिलंय: एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. द्रोण, आढक, प्रस्थ ही त्या काळची मापं. किण्व म्हणजे आंबवण्यासाठी घालायचं विरजणच म्हणा. पानगृहं कशी असावीत तेही सांगितलंय: अनेक खोल्या, वेगवेगळी आसनं, सुगंध, फुलांच्या माळा, पाणी, आणि त्या त्या ऋतूत सुखाची वाटेल अशी रचना. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. पण हा धागा सलग आपल्यापर्यंत पोचलेला नाही. आज आमच्या ग्लासात पडते ती बिअर वेगळ्या वाटेनं आली, समुद्रावरून.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं इंग्लंडहून निघताना बरीचशी रिकामी असत, त्यामुळे इकडे येणाऱ्या मालाचं भाडं कमी पडे. लंडनच्या पूर्वेला बो या भागात जॉर्ज हॉजसनचा बिअरचा कारखाना होता, कंपनीची जहाजं लागत त्या गोदीपासून अगदी जवळ. जहाजांचे कप्तान त्याच्याकडून पिंपं उचलत, तीही दीड-दीड वर्षाच्या उधारीवर. पुढे चार ते सहा महिन्यांचा प्रवास, त्यात दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. त्या उकाड्यात बिअर टिकली, याचं मोठं श्रेय हॉप्सला जातं. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. त्यांच्यातल्या कडू द्रव्यांमुळे पेय नासवणाऱ्या जिवाणूंची वाढ रोखली जाते. कडूपणा चवीसाठी होताच, पण तो राखणदारही होता.

१८२०च्या दशकात कंपनीच्या एका संचालकानं इंग्लंडातल्या बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉपला या व्यापारात उतरायला सुचवलं. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, आणि अशा पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, धारदार उतरतो. बर्टनच्या बिअरनं बाजार जिंकला आणि १८३०च्या दशकात 'इंडिया पेल एल' हे नाव रुळलं. पेल म्हणजे फिकी, आणि एल हा बिअरचा एक जुना प्रकार. आजच्या क्राफ्ट बिअरमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यांच्या चवीला जपणाऱ्या बिअरमध्ये, सगळ्यात गाजलेला प्रकार तो हाच, आयपीए.

हॉजसननं खास भारतासाठी नवी बिअर शोधून काढली, अशी कथा ठिकठिकाणी सांगतात. ती खरी नाही. भरपूर हॉप्स घालून वर्ष-दोन वर्षं मुरवायच्या फिक्या रंगाच्या बिअर इंग्लंडात आधीपासून होत्या. त्यातलीच एक जहाजावर चढली आणि प्रवासात छान मुरून उतरली, एवढंच. शिवाय इथले गोरे शिपाई पोर्टर नावाची काळी बिअरच जास्त पीत. पेल एल असायची ती साहेबाच्या टेबलावर. ही बिअर भारतात बनली नाही, आपल्या लोकांनी ती फारशी चाखलीही नाही, आणि तरी नाव मात्र भारताचं लागलं. मला ही गोष्ट लागून राहते. म्हणून आमच्या प्रत्येक बैठकीत एक तरी आयपीए असतेच.

बिअर इथेच बनवायची तर आधी थंडावा हवा. साहेबाला डोंगर तसेही हवेच होते. १८२८ च्या सुमाराला गव्हर्नर माल्कमनं आपल्या शेजारच्या सातारा मुलखात महाबळेश्वरला वसाहत उभारायला घेतली ती त्याच ओढीनं. बिअरचा कारखाना मात्र हिमालयात निघाला. एडवर्ड डायरनं १८५५ मध्ये कसौलीला तो सुरू केला आणि तिथली 'लायन' बिअर नावारूपाला आली. जालियनवाला बागेत गोळीबार करवणारा रेजिनाल्ड डायर याच एडवर्डचा मुलगा. बिअरचा इतिहास वाचताना हे नाव समोर आलं की थोडा वेळ पुढे वाचवत नाही.

तोवर युरोपात चवीचा नूर पालटला होता. १८४२ मध्ये आजच्या चेक देशातल्या पिल्सेन गावात योसेफ ग्रोलनं सोनेरी, नितळ लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवून मुरवलेली बिअर बनवली. १८७०च्या दशकात लिंडेची शीतयंत्रं आली, १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सननं यीस्टची, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाची, एकच शुद्ध जात वेगळी काढून वाढवली. आता कुठल्याही हवामानात, वर्षभर, एकाच चवीची बिअर काढता येऊ लागली. ही केवढी मोठी गोष्ट होती! पण तिची किंमत अशी, की पुढच्या शंभर वर्षांत जगभर तीच एक फिकी लागर पसरली आणि गावोगावच्या चवी मागे पडल्या.

आपल्याकडे तर वेगळंच वळण आलं. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून पूर्ण बंदी लागू झाली. बंदी पुढे सैल होत गेली, पण तो कायदा आजही उभा आहे. म्हणूनच महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना लागतो आणि बिअरसाठीही वय २१ पूर्ण असावं लागतं. आपल्या भागात याला आणखी एक बाजू आहे. गावातल्या बाया एकत्र येऊन मतदान मागतात, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हं असतात, आणि आडवी जिंकली की दुकान बंद. त्या बायांचं दुःख खरं आहे. आमच्या पाचातला एक जण अजिबात पीत नाही, कारण त्यानं घरात ते सगळं पाहिलंय. तो फक्त वास घेतो आणि लिहितो. त्याच्याबद्दल पुढे सांगतोच.

बंदीनंतर जो बाजार उभा राहिला तो कमी पैशांत जास्त चढणाऱ्या 'स्ट्राँग'चा. आजही देशातल्या खपाचा मोठा हिस्सा तिचाच. बर्फगार करून भराभर संपवायची असेल तर चवीला शब्द कशाला लागतात?

शब्द आले अमेरिकेतून आणि इंग्लंडातून. १९६५ मध्ये फ्रिट्झ मेटॅगनं सॅन फ्रान्सिस्कोतला बुडीत निघालेला अँकर कारखाना घेतला. १९७१ मध्ये इंग्लंडात पिंपातच मुरत राहणाऱ्या जिवंत एलसाठी ग्राहकांची चळवळ उभी राहिली. ओरेगनमध्ये तयार झालेली कॅस्केड ही हॉप्सची जात १९७२ मध्ये बाहेर आली. तिच्या वासात ग्रेपफ्रूट होतं, आणि आधी कारखानदारांनी त्यासाठीच नाकं मुरडली. पुढे १९७६ मध्ये जॅक मॅकऑलिफनं कॅलिफोर्नियात जुन्या साहित्यातून न्यू अल्बियन हा छोटा बिअरचा कारखाना उभा केला. तो काही वर्षांतच बंद पडला, पण त्याला पाहून शेकडो जण उभे राहिले. १९७८ मध्ये तिथे घरी बिअर बनवणं कायदेशीर झालं, तेव्हा साऱ्या अमेरिकेत बिअरच्या कंपन्या शंभराच्या आत उरल्या होत्या.

याच दशकात दोन माणसांनी चवीची भाषा घडवली. मायकेल जॅक्सन, गाणारा नव्हे, यॉर्कशरचा पत्रकार. त्यानं १९७७ मध्ये जगभरच्या बिअरवर पुस्तक लिहून त्यांची प्रकारवार मांडणी केली. 'बिअरचा प्रकार' म्हणून आज आपण जे बोलतो, त्याचा पाया त्यानं घातला. दुसरा डॅनिश रसायनतज्ज्ञ मॉर्टन मिलगार्ड. त्यानं बिअरमधल्या शंभरावर वास-चवींना नावं देऊन त्या एका चक्रात बसवल्या. १९८५ मध्ये परीक्षक घडवणारी बीजेसीपी ही संस्था निघाली. तिची ५० गुणांची पत्रिका आम्ही वापरतो: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५ आणि एकूण ठशाला १०. दिसण्याला फक्त ३ आणि वासाला १२, यातच सगळं आलं.

महाराष्ट्रात ही लाट २००९ मध्ये पुण्यात आली, डूलाली या राज्यातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरीबरोबर, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणाबरोबर. नाव परकं वाटलं तरी ते आपल्याच देवळालीचं. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहून डोकं फिरलेल्या शिपायांवरून इंग्रजीत हा शब्द पडला. आमच्या सांगलीला मात्र त्याआधी वाईनची ओळख झाली होती. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूरबरोबर पलूसलाही वाईन पार्क आलं. चाखायचं आणि पोटात ढकलायचं यात फरक असतो, हे आम्हा मित्रांना तिथल्या गप्पांतूनच कळलं.

आता परत वहीकडे. मिलगार्डच्या चक्रातले शब्द त्याच्या मुलखातल्या स्वयंपाकघरातले. ग्रेपफ्रूट आमच्यापैकी दोघांनी पाहिलेलंही नव्हतं. कॅस्केड हॉप्सची बिअर आली तेव्हा बराच वेळ कुणाला शब्द सुचेना, मग एकानं लिहिलं, "पपनसाची साल सोलताना उडतो तो फवारा." वासाला बारापैकी अकरा. बव्हेरियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टमुळे केळ्याचा आणि लवंगेचा वास उतरतो; वहीत नोंद आहे, "पिकलेला केळ्याचा घड ठेवलेली बंद खोली." आणि मीठ-धणे घातलेली आंबट जर्मन गोझ पहिल्यांदा चाखली तेव्हा तिघांच्या तोंडून एकदमच निघालं, "आंबील!" खरंच तीच. यल्लम्माच्या यात्रेतली, ज्वारीची, थोडी मिठाची.

बिघडलेल्या बिअरला तर मराठीत शब्दांची ददातच नाही. एकदा एका दुकानातून हिरव्या बाटल्या आणल्या, त्या दर्शनी काचेपाशी उन्हात मांडलेल्या होत्या. उघडल्याबरोबर कुबट, जळकट भपकारा. उजेडामुळे हॉप्सची कडू द्रव्यं मोडतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तपकिरी काच तो उजेड बराचसा अडवते, हिरवी नाही. इंग्रजीत या वासाला स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याचं नाव आहे. आमच्या न पिणाऱ्या मित्राला स्कंक माहीत नाही. पण त्याचा बेदाण्याचा व्यापार आहे, आणि पिवळा रंग येण्यासाठी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. त्यानं ग्लास नाकाशी नेला, लगेच खाली ठेवला आणि लिहिलं, "गंधक. धुरी जास्त झालेला माल." रसायनशास्त्राच्या एवढं जवळ आमच्यातलं कुणीच गेलं नव्हतं.

हवा लागून शिळी झालेली बिअर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हवा बाहेर ठेवली की माल टिकतो हे सांगलीकराला शिकवावं लागत नाही. हरिपूरच्या पेवांमध्ये हळद जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकायची ती त्याच न्यायानं. पातळ बिअर पाणचट, गोडीकडे झुकलेली गुळचट, फेस मेलेली मचूळ. भाजलेल्या सातूच्या काळ्या स्टाउटला आमचा नेहमीचा शब्द खरपूस, आणि भाजणं हाताबाहेर गेलं असेल तर करपट. कडूपणाचे तर वहीत आता तीन रकाने आहेत. घोट उतरल्यावर लगेच मिटतो तो कडसर, जिभेच्या कडांना धरून राहतो तो कडू, घशात ओरखडा काढत बसतो तो कडवट.

एक जागा मात्र अजून रिकामी आहे. अमेरिकी हॉप्समध्ये चीडच्या झाडाच्या चिकाचा वास येतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आमच्याकडे चीड नाही. राळ, ऊद, धूप, तिन्ही लिहून झाले आणि तिन्ही खोडले. बेदाणेवाला मित्र म्हणतो, सोनाराकडे दागिना बसवायला लाख तापवतात तेव्हाचा वास घेऊन बघू. पुढच्या बैठकीआधी सराफ कट्ट्यावर जायचं ठरलंय.