टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली रचना : मोठ्या फंक्शनल सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा (डेटा जागेवर न बदलता फंक्शनांनी प्रोग्रॅम रचण्याच्या पद्धतीचा) इतिहास सहसा गणिताच्या बाजूने सांगितला जातो : लॅम्डा कॅल्क्युलस हे फंक्शनांचं गणित, मग लिस्प ही भाषा, मग संगणकतज्ज्ञ जॉन बॅकस यांचं १९७७ चं ट्युरिंग व्याख्यान. पण लाखो ओळींच्या प्रकल्पाचे तुकडे कुठे पाडायचे आणि एक तुकडा कोसळला तर बाकीच्यांनी काय करायचं, याची सर्वांत कसाला लागलेली उत्तरं स्वीडनमध्ये टेलिफोन एक्स्चेंज बनवणाऱ्यांकडून आली.

एरिक्सन या स्वीडिश कंपनीच्या एएक्सई एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर प्लेक्स या कंपनीच्याच भाषेत लिहिलं जाई. चालू एक्स्चेंज बंद न करता त्यातला कोड बदलता येणं ही तिथली रोजची गरज होती. हीच अपेक्षा ठेवून स्टॉकहोममधल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी अर्लांग ही भाषा घडवली. १९८६ मध्ये ती सुरू झाली प्रोलॉग या भाषेत लिहिलेल्या इंटरप्रिटरच्या (कोड थेट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रूपात, आणि व्हेरिएबलला एकदा दिलेली किंमत पुन्हा बदलायची नाही हा नियम तिला तिथूनच मिळाला. दोन प्रोसेसमध्ये (अर्लांगमधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांमध्ये) सामायिक मेमरी नाही. निरोप पाठवायचा तो प्रत काढून. त्यामुळे एक प्रोसेस अर्ध्यात मेली तरी दुसरीचा डेटा विस्कटत नाही. निरोप पाठवणं हाच साइड इफेक्ट (उत्तर देण्यापलीकडे फंक्शनने बाहेर केलेला बदल) असल्याने ही भाषा ‘शुद्ध’ फंक्शनल नाही, हा आक्षेप खरा आहे. एक्स्चेंजला मात्र त्याने काही फरक पडत नव्हता.

प्रोसेस एकमेकींना जोडणाऱ्या ‘लिंक’ची कल्पना जुन्या एक्स्चेंजमधल्या सी-वायरवरून आली. ती तार जमिनीला जोडली की त्या कॉलमध्ये गुंतलेलं सगळं सुटून मोकळं होई. अर्लांगमध्येही एक प्रोसेस बिघडून मेली की तिच्याशी जोडलेल्यांना तसाच इशारा जातो, आणि तो न अडवणाऱ्या प्रोसेसही मरतात.

१९९५ च्या अखेरीस एरिक्सनचा एएक्सई-एन हा मोठा प्रकल्प गुंडाळला गेला. त्याच्या जागी नवा स्विच अर्लांगमध्ये करायचं ठरलं आणि १९९६ मध्ये ओटीपीचं काम सुरू झालं. (बँकेचा ओटीपी नव्हे, ओपन टेलिकॉम प्लॅटफॉर्म.) रचनेच्या दृष्टीने खरी उडी ही. प्रत्येक सर्व्हरमधला (इतरांच्या विचारणांना उत्तर देणाऱ्या प्रोसेसमधला) तोच तो भाग, म्हणजे निरोप घेणं, उत्तर देणं, वेळ संपली की सोडून देणं, लायब्ररीत एकदाच लिहिला. प्रकल्पातल्या प्रोग्रॅमरने फक्त एक फंक्शन द्यायचं : आलेला निरोप आणि जुनी स्टेट (सर्व्हरने लक्षात ठेवलेली माहिती) घे, उत्तर आणि नवी स्टेट परत कर. असं फंक्शन शुद्ध ठेवता येतं आणि प्रोसेस न उभारता तपासता येतं.

या प्रोसेसच्या वर सुपरव्हायझरचं झाड : सुपरव्हायझर म्हणजे खालच्या प्रोसेसवर, त्याच्या ‘पोरां’वर, लक्ष ठेवून मेलेली पुन्हा सुरू करणारी प्रोसेस. एक पोर मेलं की फक्त तेच उठवायचं, सगळी उठवायची, की त्याच्यानंतर सुरू झालेलीही, हे तीन पर्याय. सुपरव्हायझरची मूळ मर्यादा ५ सेकंदांत १ रीस्टार्ट. ती ओलांडली की तो उरलेली पोरं बंद करून स्वतः मरतो आणि प्रश्न वरच्याकडे जातो. नवखे इथेच फसतात. डेटाबेसचं कनेक्शन प्रोसेसच्या सुरुवातीच्याच फंक्शनमध्ये उघडलं आणि डेटाबेस बंद असला, तर रीस्टार्ट क्षणात संपतात, अपयश मुळापर्यंत चढतं आणि सगळा नोड (चालू असलेली अख्खी अर्लांग सिस्टम) बसतो. कनेक्शन नसणं ही एक रीतसर स्टेट धरावी आणि पुन्हा जोडण्याचा प्रयत्न वाढत्या अंतराने करावा.

दुसरी खोड मेलबॉक्सची, म्हणजे प्रोसेसकडे आलेल्या निरोपांच्या रांगेची; त्याला मूळ मर्यादाच नाही. सर्व्हरला विचारणा केल्यावर ५ सेकंदांत उत्तर आलं नाही तर विचारणारा सहसा कोसळतो, पण त्याचा निरोप रांगेत तसाच राहतो. सर्व्हर मग कोणालाच नको असलेली उत्तरं काढत बसतो. सगळा प्रकल्प एका सर्व्हर-प्रोसेसमधून वळवला की हे होणारच. चालू सिस्टममध्ये कोड बदलण्यालाही अट आहे : एका मॉड्यूलच्या (कोडच्या एका फाइलच्या) दोनच आवृत्त्या मेमरीत राहतात. तिसरी चढवताना सर्वांत जुनी पुसावी लागते, आणि तिच्यात अडकलेल्या प्रोसेस तेव्हा मारल्या जातात.

या पायावर एएक्सडी३०१ हा एटीएम स्विच उभा राहिला (इथेही बँक नाही, डेटा वाहून नेण्याचं तंत्र). आर्मस्ट्राँग यांच्या २००३ च्या प्रबंधात त्याची मोजदाद आहे : सुमारे ११ लाख ओळी, २२४८ मॉड्यूल, पैकी १४७२ ‘स्वच्छ’, ७७६ ‘मळकी’. साइड इफेक्ट नाहीसे करता आले नाहीत, पण दोन तृतीयांश मॉड्यूल त्यांच्यापासून दूर ठेवता आली. नऊ नऊंच्या विश्वासार्हतेचा, म्हणजे ९९.९९९९९९९ टक्क्यांचा, आकडा याच स्विचचा. तो मोजक्या यंत्रांच्या काही महिन्यांच्या नोंदींवरचा आहे, म्हणून जपूनच वापरावा.

१९९८ मध्ये एरिक्सनच्याच रेडिओ शाखेने नव्या उत्पादनांसाठी अर्लांगवर बंदी घातली. त्याच डिसेंबरात ती ओपन सोर्स झाली आणि एक्स्चेंजबाहेर पसरली. २०१२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एका सर्व्हर-यंत्रावर २० लाखांहून जास्त कनेक्शन धरल्याचं जाहीर केलं, तेही अर्लांगवरच. त्याच सुमारास अर्लांगच्याच व्हर्च्युअल मशीनवर (तिचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालणारी इलिक्सर ही भाषा आली.

हॅस्केल या दुसऱ्या फंक्शनल भाषेने याच काळात वेगळी वाट धरली होती : साइड इफेक्ट प्रोसेसमध्ये कोंडण्याऐवजी टाइपवर (फंक्शन काय घेतं आणि काय देतं याच्या वर्णनावर) नोंदवायचे. त्यामुळे कोणतं फंक्शन बाहेरच्या जगाला हात लावतं हे कंपायलरच सांगतो. अर्लांगमध्ये ती शिस्त माणसांना पाळावी लागते, आणि टाइपची उणीव तिथे जुनीच आहे. फिलिप वॉडलर आणि सायमन मार्लो यांनी १९९७ मध्ये अर्लांगसाठी टाइप-पद्धती मांडली, ती रुळली नाही. पुढे डायलायझर हे तपासणीचं साधन आलं. इलिक्सरच्या कंपायलरमध्ये टाइप-तपासणी शिरायला २०२४ उजाडलं.