घरदुरुस्तीचे अनुदान आणि त्यानंतरचे लेखापरीक्षण

सप्रेम नमस्कार.

वादळानंतर मिळालेले अनुदान खर्च झाले आणि घर पुन्हा राहण्याजोगे झाले की विषय मिटला, असे आमच्या न्यू जर्सीतील अनेक ग्राहकांना वाटते. तो तेवढ्यावर मिटत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

फेडरल गृहनिर्माण व नागरी विकास खात्याचा, म्हणजे ‘हड’चा, सीडीबीजी-डीआर हा आपत्तीतून सावरण्यासाठीचा निधी थेट घरमालकाच्या हाती पडत नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्या त्या आपत्तीसाठी मंजूर केलेली रक्कम हड राज्याला किंवा शहराला देते आणि तेथून ती आपल्यापर्यंत येते. 2012 च्या सँडी वादळानंतर न्यू जर्सीच्या आरआरईएम या घरदुरुस्ती योजनेतून पात्र कुटुंबांना दीड लाख डॉलरपर्यंत मिळाले, ते असेच. लेखापरीक्षणही त्याच वाटेने येते. हडचे महानिरीक्षक कार्यालय राज्याचे दप्तर तपासते, राज्य उत्तरासाठी तुमची फाइल उघडते आणि तीत कागद कमी असला तर विचारणा तुमच्याकडे होते.

लुइझियानात काय घडले ते पाहावे. 2005 च्या कतरिना वादळानंतर तेथील ‘रोड होम’ योजनेत पुरापासून वाचावे म्हणून घर उंच उचलण्यासाठी 30,000 डॉलरपर्यंत वेगळी रक्कम दिली गेली. सुमारे 24,000 घरमालकांनी घर उंच केल्याचे दिसत नाही आणि त्यात सुमारे 70 कोटी डॉलर गुंतले आहेत, असे महानिरीक्षकांनी 2013 मध्ये नोंदवले. अनेकांनी तो पैसा त्याच घराच्या दुरुस्तीत घातला होता, कारण दुरुस्तीची रक्कम पुरली नव्हती. त्यांना लबाड म्हणणे आम्हाला अन्यायाचे वाटते. तरीही राज्याने कित्येकांवर दावे लावले आणि ते मिटायला 2023 उजाडले.

आपत्ती-मदतीच्या स्टॅफर्ड या फेडरल कायद्यानुसार एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही. त्यामुळे विम्याची जादा रक्कम नंतर आली तर ती राज्याला कळवावी.

पूरक्षेत्रातील घराला अनुदानासोबत पूरविम्याची अट लागते. घर विकताना ती खरेदीदाराला लेखी कळवणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ते राहून गेले, नव्या मालकाने विमा घेतला नाही आणि पुढच्या पुरात त्याला फेडरल मदत मिळाली, तर त्या मदतीची परतफेड विक्रेत्याकडून मागता येते.

अनुदानाचा करार, कंत्राटदाराची बिले, वटलेले धनादेश, तपासणीचे दाखले आणि विम्याचा पत्रव्यवहार यांच्या प्रती आमच्याकडे आणून द्याव्यात. विचारणा येण्याआधीच आम्ही त्या खर्चाशी ताडून लावून ठेवू.